काठ, तोरण, अक्षता: साध्या आकारांतून गिंपचे ब्रश

लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, वास्तुशांतीची कार्डं, दुकानाच्या उद्घाटनाचे बॅनर. भंडाऱ्यात माझं छोटं डीटीपीचं दुकान आहे आणि रोजचं काम हेच. त्यातले काठ, तोरणं, बुट्टे मी गिंप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, स्वतः केलेल्या ब्रशांनी काढते. माझ्या ब्रशांची खिडकी उघडून दाखवली तर पाहणाऱ्याला त्यात फारसं काही दिसत नाही. एक त्रिकोण, एक चौकोन, एक पान, एक तांदळाचा दाणा. पत्रिकेवर उतरणारी जवळजवळ सगळी नक्षी यांतूनच येते.

शिकायला येणाऱ्या मुलामुलींचा कल नेमका उलटा असतो. अख्खा मोर, कलश, केळीचे खांब असं सगळं एका ब्रशमध्ये भरायचं आणि एकदा क्लिक करून उमटवायचं. अशा ब्रशला मी शिक्का म्हणते. तो एकाच मापात, एकाच जागी शोभतो. ओढायला गेलं की त्याचा चिखल होतो. ब्रश म्हणजे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटत जाणारा आकार. आकार जितका साधा, तितका अंतराला, कोनाला आणि मापाला वाव. नक्षी खरी तिथे घडते. म्हणून खाली आकार काढण्यापेक्षा अंतर आणि कोन यांवर मी जास्त बोलणार आहे.

मेनूंची नावं गिंपच्या २.१० आवृत्तीप्रमाणे दिली आहेत. २०२५ मध्ये ३.० आली, तिच्यात एखादी गोष्ट इकडची तिकडे झालेली दिसेल, पण ब्रश करायची रीत तीच आहे आणि जुने ब्रशही तसेच चालतात.

करवती काठाचा त्रिकोण

आमच्या विदर्भात टसर रेशमाची करवतकाठी साडी विणतात. तिच्या काठाला, अंगाच्या बाजूने, करवतीच्या दातांसारखी त्रिकोणांची ओळ असते. एवढा साधा काठ, पण लांबून ओळखू येतो. ब्रश शिकायला यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

फाईल, न्यू. माप ४०० बाय ४०० पिक्सेल. तिथेच खाली अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा, कलर स्पेस ग्रेस्केल करा आणि फिल विथमध्ये व्हाइट निवडा. या दोन गोष्टी विसरायच्या नाहीत, कारण ग्रेस्केल ब्रशचा नियम असा: काळा भाग रंग उमटवतो, पांढरा भाग मोकळा राहतो, करडा भाग अर्धवट उमटतो. असा ब्रश तुम्ही निवडलेल्या रंगात चालतो, म्हणजे एकच त्रिकोण आज कुंकवाच्या रंगात आणि उद्या मोरपिशी. आरजीबीमध्ये, म्हणजे रंगीत फाईलमध्ये, पारदर्शक पार्श्वभूमीवर केलेला ब्रश मात्र आपला स्वतःचा रंग घेऊनच फिरतो. त्याचंही काम आहे, पुढे येईल.

आता इमेज मेनूतून गाइड्स, न्यू गाइड बाय पर्सेंट, उभी रेघ ५० टक्क्यांवर. व्ह्यू मेनूत स्नॅप टू गाइड्स आणि स्नॅप टू कॅनव्हास एजेस या दोन्हींवर खूण करा. पाथ्स टूल घ्या, बिंदू जोडून रेषा काढायचं. खालचा डावा कोपरा, खालचा उजवा कोपरा, वरच्या कडेचा मध्य, अशा तीन जागी क्लिक करा, मग कंट्रोल दाबून पहिल्या बिंदूवर क्लिक करा म्हणजे आकार बंद होतो. एंटर दाबलं की त्याचं सिलेक्शन होतं. डी दाबून रंग काळा-पांढरा करा, कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून काळा भरा. सिलेक्शन काढून टाका. त्रिकोणाचा पाया कॅनव्हासच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत टेकलेला असला पाहिजे. कडेला चार-पाच पिक्सेलची पांढरी फट राहिली तर दोन दातांमध्ये कायमची फट राहते आणि ती का राहते हे नंतर सापडत नाही.

आकार मोठाच करा. ब्रश लहान करून वापरला तर धार छान राहते, लहान ब्रश ताणून मोठा केला की कडा धुरकट होतात.

इमेज मेनूतून फ्लॅटन इमेज करून घ्या. मग फाईल, एक्सपोर्ट अ‍ॅज, आणि नावाच्या शेवटी डॉट जीबीआर. फाईल ठेवायची कुठे? एडिट मेनूत प्रेफरन्सेस, त्यात फोल्डर्स, त्यात ब्रशेस. तिथे फोल्डरांचे पत्ते दिसतात, त्यातला तुमच्या युजर खात्याचा घ्या. दुसरा गिंपचा स्वतःचा असतो, त्याला हात लावू नका. एक्सपोर्ट करताना दोन गोष्टी विचारल्या जातात, डिस्क्रिप्शन आणि स्पेसिंग. डिस्क्रिप्शनमध्ये जे लिहाल तेच नाव ब्रशांच्या खिडकीत दिसतं. स्पेसिंग १०० द्या. ब्रशांच्या खिडकीत खाली रिफ्रेशचं बटण आहे ते दाबा, त्रिकोण हजर.

हे लांबण वाटत असेल तर आडवाट आहे. आकार काढून झाला की कंट्रोल ए, कंट्रोल सी, आणि एडिट मेनूत पेस्ट अ‍ॅज, न्यू ब्रश. नाव आणि स्पेसिंग विचारून गिंप स्वतःच योग्य फोल्डरमध्ये ब्रश ठेवतो. त्याहून सोपं म्हणजे कॉपी केल्याबरोबर ब्रशांच्या खिडकीत क्लिपबोर्ड मास्क म्हणून तो आकार आपोआप येऊन बसतो. मी नवा आकार आधी असाच ओढून पाहते. ओळीत बरा दिसला तरच त्याला नाव देऊन जपते.

आता स्पेसिंग. हा आकडा ब्रशच्या मापाच्या टक्क्यांत असतो. १०० म्हणजे एक त्रिकोण संपला तिथे दुसरा सुरू, दात एकमेकांना चिकटून. १२५ केलं की मध्ये श्वास घ्यायला जागा. ५० केलं तर त्रिकोण एकमेकांवर चढतात आणि खाली भरीव पट्टी, वर बारीक दात असा काठ मिळतो. १० केलं तर सरळ पट्टीच होते, दात दिसतच नाहीत. एक त्रिकोण घ्या, माप तेच ठेवा, आणि टूल ऑप्शन्समधल्या स्पेसिंगची घसरपट्टी फिरवत एकाखाली एक रेघा ओढा. काळा रंग, पांढरा कागद. पुढचं सगळं समजायला एवढा सराव पुरे आहे. रेघ सरळ हवी असेल तर एका टोकाला क्लिक करून, शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक करायचं.

या सरावात डायनॅमिक्स, म्हणजे हाताचा दाब किंवा दिशा पाहून ब्रश आपोआप बदलायची सोय, मात्र बंद हवं. टूल ऑप्शन्समध्ये डायनॅमिक्स ऑफ निवडा, नाहीतर पेन टॅबलेटवर हाताच्या दाबाप्रमाणे काही दात फिके, काही गडद येतात.

काठ कोपऱ्यावर जुळवणं

पत्रिकेचा काठ बिघडतो तो कोपऱ्यावर. बाजू भरत आली की शेवटी अर्धा त्रिकोण उरतो, आणि मग कुणी तो खोडतं, कुणी ताणतं. हे टाळायचं असेल तर ब्रश हातात घेण्याआधी भागाकार करा.

आमच्याकडे चालणारं एक माप घेऊ, ५ बाय ७ इंच. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ते १५०० बाय २१०० पिक्सेल होतं. कडेपासून ९० पिक्सेल सोडा आणि दाताचं माप ६० धरा. म्हणजे काठाची पट्टी ९० ते १५० मध्ये बसते. चारही कोपऱ्यांत ६० बाय ६० ची एक चौकट मोकळी ठेवायची, दात तिच्यानंतर सुरू करायचे. मग आडव्या बाजूला १५० पासून १३५० पर्यंत १२०० पिक्सेल उरतात, त्यात बरोबर २० दात. उभ्या बाजूला १५० पासून १९५० पर्यंत १८०० पिक्सेल, त्यात ३० दात. कुठेही अर्धा तुकडा नाही.

ब्रश नेहमी आपल्या मध्यावर उमटतो, म्हणून वरच्या ओळीची सुरुवात १५० ला न करता १८० ला, आणि शेवट १३२० ला. ओळीची उंची १२०. इमेज, गाइड्स, न्यू गाइड करून हे आकडे टाइप करून गाइड लावा. पाथ्स टूलने त्या दोन छेदबिंदूंवर क्लिक करा, मग एडिट मेनूत स्ट्रोक पाथ, स्ट्रोक विथ अ पेंट टूल, पेंटब्रश. अख्खी ओळ एका झटक्यात उतरते. शेवटचा दात कधीकधी उमटत नाही, तेव्हा टोकाचा बिंदू दोन-तीन पिक्सेल पुढे सरकवला की येतो. हाताने शिफ्ट-क्लिक करूनही हे होतं, पण पाथ जपून ठेवता येतो. यजमान "ताई, दात जरा मोठे करा" म्हणाले की पाथ तोच, फक्त आकडे बदलायचे.

दातांची टोकं आत वळलेली ठेवा. साडीवर ती अंगाकडे वळलेली असतात, पत्रिकेवर मजकुराकडे. वरच्या ओळीला टूल ऑप्शन्समध्ये अँगल १८०, खालच्या ओळीला ०, बाजूंना ९० आणि उणे ९०. कुठल्या बाजूला कुठला, हे कर्सरभोवती दिसणाऱ्या रेषेवरून क्लिक करण्याआधीच कळतं. कोपऱ्यातल्या चौकटींत चौकोनच बसवा, टोकावर उभा केलेला. त्यासाठी आकार हाताने काढायचीही गरज नाही. ब्रशांच्या खिडकीत नवीन ब्रशचं बटण दाबलं की ब्रश एडिटर उघडतो. त्यात वर्तुळ, चौकोन आणि डायमंड असे तीन आकार तयार असतात. त्रिज्या, हार्डनेस म्हणजे कडेचा करकरीतपणा, अस्पेक्ट रेशो म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण, कोन, स्पेसिंग सगळं घसरपट्टीवर. डायमंड निवडा, हार्डनेस १.०० करा, झालं. स्पाइक्सचा आकडा वाढवला तर डायमंडची चांदणी होते आणि चौकोनाचा बहुभुज. आठ टोकांची चांदणी कोपऱ्यात छान दिसते, पण करवतीच्या काठाला मला साधा चौकोनच आवडतो. दातांची शिस्त आणि चांदणीचा लाड एकत्र नांदत नाहीत.

एक गोष्ट देवनागरीची. मजकुराच्या पहिल्या ओळीला शिरोरेषा असते आणि तिच्यावर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. वरच्या काठाचे दात खाली वळलेले. दोन्ही जवळ आले की दात आणि मात्रा एकमेकांत घुसल्यासारखे दिसतात, "॥ श्री गणेश प्रसन्न ॥" नीट वाचता येत नाही. काठ आणि मजकूर यांत निदान दोन दातांइतकी जागा सोडा. इंग्रजी पत्रिकेचा साचा उचलून त्यात मराठी मजकूर भरला की हाच घोटाळा होतो, कारण तिथे अक्षरांच्या डोक्यावर एवढी वर्दळ नसते.

आंब्याचं पान आणि तोरण

पान काढायला पेन टॅबलेट लागत नाही, चित्रकलेचा हातही लागत नाही. दोन वर्तुळं एकमेकांवर सरकवली की मधे जो समाईक भाग उरतो तो पानाचा आकार असतो.

ग्रेस्केल, पांढरी, १२०० बाय ९०० ची नवी फाईल घ्या. एलिप्स सिलेक्ट टूलच्या ऑप्शन्समध्ये पोझिशन ० आणि १००, साइझ ७०० बाय ७०० टाइप करा. एक वर्तुळ झालं. आता त्याच टूलच्या मोडमध्ये चौथं बटण, इंटरसेक्ट, निवडून दुसरं वर्तुळ ओढा आणि त्याची पोझिशन ५०० आणि १००, साइझ तीच ७०० बाय ७०० करा. एंटर. मधे २०० पिक्सेल रुंद आणि साधारण ४९० उंच, दोन्ही टोकांना निमुळतं पान उरतं. काळा भरा. मग पांढऱ्या रंगाने, बारीक पेन्सिलने, मधोमध एक उभी शीर ओढा. पांढरं म्हणजे मोकळं, त्यामुळे ती शीर कागदाच्या रंगाची दिसते. हिरव्या पानावर वेगळ्या रंगाची शीर काढत बसावं लागत नाही. इमेज मेनूतून क्रॉप टू कंटेंट केलं की भोवतीचा पांढरा भाग निघून जातो.

हा ब्रश तसाच वापरून तोरण काढलं तर काहीतरी खटकतं. पानं दोऱ्याला लटकण्याऐवजी दोरा पानांच्या पोटातून गेलेला दिसतो. कारण वर सांगितलंच, ब्रश आपल्या मध्यावर उमटतो. उपाय कॅनव्हासमध्येच आहे. इमेज मेनूत कॅनव्हास साइझ उघडा, उंचीची साखळी सोडवून उंची दुप्पट करा आणि पान खालच्या अर्ध्या भागात राहील असा ऑफसेट द्या. बॅकग्राउंडचा रंग पांढरा ठेवून फ्लॅटन करा. आता ब्रशचा मध्य म्हणजे पानाचा देठ. तो दोऱ्यावर बसतो आणि पान खाली लोंबतं. साइझच्या आकड्यात मात्र वरची रिकामी जागाही मोजली जाते. पान १०० पिक्सेल उंच हवं असेल तर साइझ २०० ठेवायची.

तोरणाचा दोरा म्हणजे पाथ्स टूलने काढलेली, मध्ये थोडी झोकलेली रेषा. दोन बिंदू, आणि मधली रेषा माउसने खाली ओढायची. स्ट्रोक पाथ केलं की पानं ओळीने लटकतात. लांबट ब्रशचं स्पेसिंग मी आकडेमोडीने ठरवत नाही, डोळ्याने ठरवते. पानांच्या कडा जेमतेम टेकल्या की तोरण भरगच्च वाटतं, मध्ये पानभर जागा राहिली की विरळ, उन्हाळ्यात सुकलेलं.

इथे कोनाबद्दल नीट विचार करायला हवा. तोरणाची पानं दोरा कसाही झोकला तरी सरळ खाली लोंबतात, वजनाने. म्हणून तोरणाला डायनॅमिक्स ऑफच. पण वधूवरांच्या नावांभोवती पानांचं गोल कडं करायचं असेल तर प्रत्येक पान वळणाप्रमाणे फिरलं पाहिजे. त्यासाठी डायनॅमिक्समध्ये ट्रॅक डायरेक्शन निवडा, एलिप्स सिलेक्ट टूलने गोल काढा, सिलेक्ट मेनूतून टू पाथ करा आणि तो पाथ स्ट्रोक करा. पानं आडवी किंवा उलटी फिरलेली आली तर टूल ऑप्शन्समधला अँगल ९० किंवा १८० ने बदलून पुन्हा करा. नेटवरच्या कितीतरी तयार तोरणांत पानं दोऱ्याबरोबर तिरकी होत गेलेली असतात, एका टोकाला डावीकडे झुकलेली, दुसऱ्या टोकाला उजवीकडे. कागदावर ते वाऱ्यात उडाल्यासारखं दिसतं. दारावरचं खरं तोरण पाहिलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

पानांमध्ये झेंडू हवाच. दोन पानं, एक फूल, दोन पानं, एक फूल, हा क्रम राखण्यासाठी गिंपमध्ये इमेज होज नावाचा ब्रश आहे. एका फाईलमध्ये अनेक लेअर म्हणजे थर, प्रत्येक लेअरवर एक आकार (आपल्याला तीन: पान, पान, फूल), आणि ब्रश ओढला की ते पाळीपाळीने उमटतात. इथे रंगीत ब्रश हवा, पान हिरवं आणि फूल केशरी, म्हणून फाईल आरजीबी आणि पार्श्वभूमी पारदर्शक. सगळे लेअर सारख्या मापाचे ठेवा, समजा २०० बाय ८००. प्रत्येकात आकार खालच्या अर्ध्या भागात, देठ बरोबर मध्यावर. झेंडू म्हणजे एक केशरी गोल, त्यावर थोडा गडद लहान गोल, त्यावर आणखी लहान. एक्सपोर्ट करताना नावाच्या शेवटी डॉट जीआयएच. समोर येणाऱ्या चौकटीत सेल साइझ २०० बाय ८००, नंबर ऑफ सेल्स ३, डायमेन्शन १, रँक ३, आणि त्याच्या पुढची निवड इन्क्रिमेंटल. हीच निवड रँडम केली तर पानंफुलं कुठल्याही क्रमाने येतात. तोरणाला ते चालत नाही, तोरण ओवलेलं असतं.

अक्षता

याचा ब्रश सगळ्यात सोपा आहे आणि त्यावरच सगळ्यात जास्त वेळ जातो.

ब्रश एडिटरमध्ये वर्तुळ, अस्पेक्ट रेशो ३ च्या आसपास, हार्डनेस ०.९५. लांबट दाणा तयार. आता तो एकाच दिशेने उमटत गेला तर अक्षता वाटणार नाहीत. डायनॅमिक्सच्या खिडकीत नवीन डायनॅमिक्स करा, कारण गिंपबरोबर आलेली बदलता येत नाहीत. त्यातल्या तक्त्यात अँगलच्या ओळीत रँडमच्या खाली खूण करा, कलरच्या ओळीतही रँडमच्या खाली. मग टूल ऑप्शन्समध्ये अप्लाय जिटर चालू करा, म्हणजे दाणे रेषेवरून इकडेतिकडे उडतात, आणि स्पेसिंग १५० च्या पुढे न्या. कलरची खूण केली की दाण्यांचे रंग ग्रेडियंटमधून उचलले जातात. त्यासाठी हळदीच्या पिवळ्यापासून कुंकवाच्या लालपर्यंत एक छोटा ग्रेडियंट करून ठेवा आणि टूल ऑप्शन्समधल्या डायनॅमिक्स ऑप्शन्समध्ये तो निवडा. ब्रश एकदा ओढला की पिवळे, केशरी, लाल दाणे विखुरतात.

दाण्यांना थोडा वेगळेपणा हवा असेल तर चार वेगवेगळे दाणे काढून त्यांचा इमेज होज करा, निवड रँडम. त्यांचे रंगही बदलते हवे असतील तर फाईल ग्रेस्केल, प्रत्येक लेअर पांढरा, त्यावर काळा दाणा, आणि लेअर मेनूत ट्रान्सपरन्सीमधून रिमूव्ह अल्फा चॅनेल प्रत्येक लेअरला करायचं. हे राहिलं तर ब्रश तुमचा रंग घेत नाही, काळाच उमटतो. पण खरं सांगायचं तर पत्रिकेच्या मापात एका दाण्याने भागतं. कोन बदलले की डोळ्याला दाणे वेगळेच वाटतात.

वेळ जातो तो किती आणि कुठे टाकायच्या हे ठरवण्यात. नावांच्या वरून खाली, उतरत्या विरळ. वर दाट, खाली चार-दोन. मजकुरावर एकही दाणा नको, तारीख आणि मुहूर्ताच्या आकड्यांजवळ तर मुळीच नको. आकड्याशेजारी पडलेला दाणा अनुस्वार किंवा टिंब वाटतो, आणि मुहूर्ताची वेळ चुकीची वाचली जाणं लग्नघरात कुणाला परवडत नाही. अक्षता नेहमी वेगळ्या लेअरवर ठेवा आणि शेवटी खोडरबराने एकेक दाणा तपासा. कागदाच्या कडेला अर्धा कापला जाणारा दाणा दिसला तर तो पूर्ण आत घ्या किंवा काढून टाका. अक्षता अखंड तांदळाच्या असतात, पत्रिकेवरही अखंडच दिसाव्यात.

छपाईला पाठवताना

सोनेरी फॉइल किंवा स्क्रीन प्रिंटिंगसाठी काठ काढत असाल तर सगळ्या ब्रशांचा हार्डनेस पूर्ण हवा. या दोन्ही पद्धतींत एक जागा एकतर छापली जाते किंवा नाही, मधली फिकट छटा नसते. मऊ कडेचा ब्रश स्क्रीनवर लोभस दिसतो, पण फॉइलमध्ये त्याची कड कुरतडल्यासारखी येते. अशा कामाला पेंटब्रशऐवजी पेन्सिल टूल घ्या. ब्रश तेच चालतात, फक्त कडा करकरीत येतात. करकरीत कडांना पायऱ्या दिसू नयेत म्हणून फाईल ६०० डीपीआयला करा, वरचे सगळे आकडे दुप्पट करून. दात १२० चा, कडेची जागा १८० ची. दात २० आणि ३० च राहतात. शेवटी कलर्स मेनूतून थ्रेशोल्ड लावून पाहा, त्याने सगळं फक्त काळं किंवा पांढरं होतं. जे बारीक भाग तिथे गायब होतात ते छपाईतही गायब होणार. पानाची शीर बहुधा पहिली जाते, तेव्हा फॉइलसाठी शीर जाड केलेला पानाचा वेगळा ब्रश जवळ ठेवावा.

साध्या ऑफसेट किंवा डिजिटल छपाईला एवढं कडक राहायची गरज नाही. तिथे हार्डनेस ०.९५ ठेवला की कडा डोळ्याला सुखद वाटतात.

फोटोशॉपवर काम करणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे. पांढऱ्यावर काळा आकार काढून सिलेक्ट करा, एडिट मेनूत डिफाइन ब्रश प्रीसेट. एफ ५ दाबून ब्रश सेटिंग्ज उघडलं की स्पेसिंग पहिल्याच पानावर, टक्क्यांतच. पानांच्या कड्यासाठी शेप डायनॅमिक्समध्ये अँगलचा कंट्रोल डायरेक्शन करा, अक्षतांसाठी अँगल जिटर आणि स्कॅटरिंग. देठ मध्यावर आणायची कॅनव्हासची युक्ती तिथे जशीच्या तशी चालत नाही, कारण तो ब्रश करताना भोवतीची रिकामी पांढरी जागा कापून टाकतो. वरच्या टोकाला अगदी फिका करडा ठिपका ठेवला की जागा टिकते आणि छपाईत तो ठिपका दिसतही नाही. फॉइलच्या कामात मात्र थ्रेशोल्ड लावून तो गेल्याची खात्री करून घ्यावी.

ब्रश पाच-सहा झाले की त्यांना ब्रशांच्या खिडकीतल्या खालच्या रकान्यात टॅग लावा. माझ्याकडे "काठ", "तोरण", "विखुरलेलं" असे तीन टॅग आहेत, वरच्या रकान्यात टॅग निवडला की बाकीची गर्दी बाजूला होते. आणि युजर खात्यातला तो ब्रशेसचा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. लग्नाच्या हंगामात कॉम्प्युटर बदलायची वेळ आली तर फोल्डर नव्या मशीनवर टाकायचा, रिफ्रेश दाबायचं आणि अर्धा राहिलेला काठ पुढे सुरू करायचा.